‘पगार’ चालवून पाहा: स्पॅनिशचं एक क्रियापद सगळ्या काळांत

पगार हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. चौल-रेवदंड्याला त्यांचा अंमल होता, वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्या हातात होती आणि खाली गोवा तर होताच. चावी, साबण, पाव, घमेलं या शब्दांसारखाच पगारही इथल्या घरांत मुरला. पण पोर्तुगीज भाषेत आणि तिची सख्खी बहीण असलेल्या स्पॅनिशमध्ये ‘पागार’ हे क्रियापद आहे. अर्थ: पैसे देणे, फेडणे.

मी बोटीवर होतो तेव्हा पेरूच्या कायाओ बंदरात एका टपरीवर तो पहिल्यांदा कानावर पडला. दुकानदाराने विचारलं, “क्येन पाऽगा?” पैसे कोण देतंय? शब्द ओळखीचा वाटला म्हणून मी स्पॅनिश शिकायला घेतलं. हाताशी होतं ते इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं पुस्तक. दोन वर्षं तक्ते घोकले. बोटीवर पाठ व्हायचे आणि बंदरात तोंड उघडलं की विसरायचे. सुट्टीवर घरी आलो, तेव्हा पाणंदीत शेजारच्या आजीने हटकलं, “खंय जातंस?” वाक्यात ‘तू’ नाही, तरी तूच, हे त्या शेवटच्या ‘स’ वरून कळतं. स्पॅनिश नेमकी अशीच चालते. इंग्रजीत क्रियापदाचं शेपूट जवळजवळ हलतच नाही, म्हणून तिथून येणाऱ्याला प्रत्येक प्रत्यय नवा बोजा वाटतो. आपल्याला तो वाटायचं कारण नाही.

आता आमच्या वाडीतली चार-पाच मुलं संध्याकाळी माझ्याकडे येतात. कुणी सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) काढून बोटीची वाट बघतंय, कुणी तारकर्लीला पर्यटकांबरोबर काम करतंय. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय: मराठीतून थेट स्पॅनिशमध्ये जा, इंग्रजीच्या वाटेने जाऊ नका.

१. आधी काय जमवायचं

- दोनशे पानी वही. एका क्रियापदाला समोरासमोरची दोन पानं.
- दोन रंगांची पेनं: एक धातूसाठी, एक प्रत्ययासाठी.
- शाळेचं मराठी व्याकरणाचं पुस्तक, आठवी-नववीचं. काळ आणि अर्थ हा भाग त्यात असतो. टाकलं असेल तर शेजारच्या मुलाचं मागून आणा.
- मोबाइलवर रेआल आकादेमिया एस्पान्योलाचा शब्दकोश. ही माद्रिदची संस्था १७१३ सालची. शब्दकोश फुकट आहे आणि क्रियापद शोधलं की त्याची चालवलेली सगळी रूपं तिथेच मिळतात. इतर ॲपमध्ये काही वेगळं दिसलं तर याच्यावर विश्वास ठेवा.
- रूपं विचारणारं एक माणूस. त्याला स्पॅनिश यायला हवी असं नाही, वही धरून बसलं तरी पुरे.

२. जोर ऐकायला शिका, मगच पाठांतर

स्पॅनिशमध्ये शब्दाच्या कुठल्या अक्षरावर जोर पडतो यावर अर्थ ठरतो. मराठीत ही सवय नाही, म्हणून आपण इथेच सर्वांत जास्त अडखळतो. मी वहीत जोराच्या अक्षरापुढे अवग्रह (ऽ) लावतो. हे बघा:

पाऽगो: मी पैसे देतो.
पागोऽ: त्याने पैसे दिले.

एका बंदरात आम्ही चौघे जेवलो. बिल एका सोबत्याने आधीच चुकतं केलं होतं. मी बाहेर पडताना ‘त्याने दिले’ म्हणायला गेलो आणि जोर पहिल्या अक्षरावर पडला. माझे शब्द ‘मी देतो’ असे ऐकू गेले आणि बिल दुसऱ्यांदा माझ्या हातात आलं. हिशोब सुटायला अर्धा तास गेला आणि बोट सुटायची वेळ जवळ आलेली. तेव्हापासून मी कुणालाही जोर शिकवल्याशिवाय तक्ता दाखवत नाही.

अशा आणखी दोन जोड्या पुढे येतील: पाऽगे (द्यावे) आणि पागेऽ (मी दिले), पागाऽरा (दिले असते तर) आणि पागाराऽ (तो देईल). आत्ताच मोठ्याने वीस-वीस वेळा म्हणून ठेवा.

३. धातू वेगळा काढा

पागार मधला शेवटचा ‘आर’ काढला की उरतो ‘पाग’. हा धातू. संस्कृतच्या तासाला आपण धातू चालवायचो, तसंच याला चालवायचं. स्पॅनिश क्रियापदांचे गण तीनच: आर, एर आणि ईर. सर्वांत मोठा आर-गण. नवीन तयार होणारी क्रियापदंही बहुतेक याच गणात येतात, म्हणून सुरुवात इथून.

एक खबरदारी. पागार म्हणजे पैसे देणेच. ‘ते पुस्तक दे’ इथे पागार चालत नाही. आणि महिन्याच्या पगाराला स्पॅनिशमध्ये ‘स्वेल्दो’ म्हणतात.

४. वर्तमानकाळ

मी: पाऽगो
तू: पाऽगास
तो, ती, आपण (आदराने): पाऽगा
आम्ही: पागाऽमोस
तुम्ही (मित्रमंडळी, फक्त स्पेनमध्ये): पागाऽइस
ते, तुम्ही सगळे: पाऽगान

आता मराठीशेजारी ठेवा. ‘तू’ ला आपल्याकडे जातोस, करतेस, मालवणीत जातंस, तिकडे पाऽगास. दोन्हीकडे ‘स’ आहे आणि तो योगायोग नाही. संस्कृतात ‘गच्छसि’, लॅटिनमध्येही शेवटी ‘स’, मूळ एकच. ‘आम्ही’ ला संस्कृत ‘गच्छामः’, लॅटिन ‘मुस’, स्पॅनिश ‘मोस’. ‘ते’ ला संस्कृत ‘गच्छन्ति’. त्या ‘न्त’ मधला ‘त’ मराठीने ठेवला (जातात, मालवणीत जातत) आणि ‘न’ स्पॅनिशने ठेवला (पाऽगान). हे एकदा कळलं की सहापैकी तीन रूपं घोकावीच लागत नाहीत.

स्पॅनिश क्रियापदाला लिंग नाही. प्रमाण मराठीत मी देतो, मी देते असा फरक करावा लागतो. मालवणी बोलणाऱ्याला इथे फायदा आहे: ‘मी जातंय’ बाईही म्हणते आणि बाप्याही, तो जाता आणि ती पण जाता. स्पॅनिशचं तसंच. माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी ज्यांच्या घरी मालवणी आहे त्यांनी हा मुद्दा एका वाक्यात उचलला. पुण्यात वाढलेली एक भाची मात्र आठवडाभर विचारत होती की ‘ती देते’ वेगळं कसं करायचं. वेगळं करायचंच नाही.

‘आपण’ या अर्थाचा शब्द आहे ‘उस्तेद’. त्याला क्रियापद तो-ती चं लागतं. ‘तुम्ही’ ला पागाऽइस हे रूप स्पेनमध्ये रोज वापरतात, लॅटिन अमेरिकेत नाही. तिथे अनेकांना उद्देशून पाऽगान म्हणतात. बोटीवर जाणार असाल तर पागाऽइस कानाने ओळखता आलं तरी भागेल. आर्जेंटिनात ‘तू’ साठी ‘बोस’ म्हणतात आणि रूप होतं पागाऽस, जोर शेवटी.

५. दोन भूतकाळ

इथे थांबा, वेळ द्या. इंग्रजी पुस्तकांत या दोन काळांवर पानंच्या पानं असतात. मराठी माणसाला फरक आधीपासून येतो, फक्त कुठलं खोकं कुठे जातं ते बघायचं.

पहिला, झालं आणि संपलं असा:
पागेऽ, पागाऽस्ते, पागोऽ, पागाऽमोस, पागाऽस्तेइस, पागाऽरोन.

दुसरा, चालू असलेला किंवा नेहमीचा:
पागाऽबा, पागाऽबास, पागाऽबा, पागाऽबामोस, पागाऽबाइस, पागाऽबान.

पहिला म्हणजे आपला ‘दिले’. दुसरा म्हणजे ‘द्यायचो’, ‘देत असे’ किंवा ‘देत होतो’. तांडेल (होडीचा म्होरक्या) पूर्वी दर शनिवारी हिशोब द्यायचा: पागाऽबा. या शनिवारी दिल्यान: पागोऽ. चाचणी सोपी आहे. मराठी वाक्यात ‘-यचा’ किंवा ‘-त होता’ बसत असेल तर ‘बा’ वाला काळ. नुसतं ‘दिलं’ बसत असेल तर दुसऱ्या विचाराची गरज नाही.

दोन्ही एका वाक्यात: “पागाऽबा ला क्वेऽन्ता क्वान्दो एम्पेसोऽ आ योबेऽर.” मी बिल देत होतो, इतक्यात पाऊस सुरू झाला. चालू होतं ते बिल देणं, मध्येच आला तो पाऊस.

‘बा’ वाला काळ स्पॅनिशमधला सर्वांत सरळ काळ आहे. सगळ्या भाषेत मिळून फक्त तीन क्रियापदं इथे नियम मोडतात: सेर (असणे), ईर (जाणे), बेर (पाहणे). बाकीची सगळी मुकाट्याने चालतात.

आता सापळा, आणि हा खास मराठी माणसाचाच आहे. मराठीत भूतकाळात क्रियापद कर्माच्या मागे जातं: मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी आंबे खाल्ले. तोंडात ही सवय इतकी घट्ट आहे की बिलं दोन असली तर मुलं ‘मी’ च्या जागी ‘ते’ चं रूप लावतात. स्पॅनिशमध्ये कर्तरी प्रयोगच. मी एक बिल दिलं काय किंवा दहा, पागेऽच. इथेही मालवणी मदतीला येते: ‘दिल्यान’ म्हटलं की देणारा तो किंवा ती हे क्रियापदातच कळतं, ‘त्याने’ बोलावं लागत नाही. पागोऽ म्हणजे थेट ‘दिल्यान’. वहीत त्याच्यासमोर मी हाच शब्द लिहून ठेवलाय.

आणि पागाऽमोस वर्तमानातही तेच, भूतातही तेच. आज की काल हे बाकीच्या वाक्यावरून ठरतं.

६. भविष्य आणि संकेत

हे लवकर उरकतं. धातू वेगळा काढू नका, अख्खा ‘पागार’ ठेवा आणि पुढे शेपूट लावा.

देईन: पागारेऽ, पागाराऽस, पागाराऽ, पागारेऽमोस, पागारेऽइस, पागाराऽन.
दिले असते: पागारीऽआ, पागारीऽआस, पागारीऽआ, पागारीऽआमोस, पागारीऽआइस, पागारीऽआन.

तिन्ही गणांना शेपटं हीच. भविष्याची शेपटं आली आहेत ‘आबेर’ या सहायक क्रियापदापासून (ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन); जुन्या काळी ती दोन वेगळी पदं होती, पुढे जोडली गेली. पायरी ९ ला हीच सहा पुन्हा भेटतील, म्हणून आत्ताच नीट पाठ करा.

७. विध्यर्थ

इंग्रजीतून शिकणारे इथे हात टेकतात, कारण इंग्रजीत याचा जेमतेम अवशेष उरलाय. आपल्याकडे तो जिवंत आहे. व्याकरणाचं पुस्तक उघडा: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. त्यातला विध्यर्थ: द्यावे, यावे, बसावे. स्पॅनिश ‘सुबखुन्तीबो’ सगळ्या ठिकाणी याच्याशी जुळत नाही, पण शिरायचं दार हेच.

करायचं काय, तर स्वराची अदलाबदल. आर-गणात ‘आ’ च्या जागी ‘ए’:
पाऽगे, पाऽगेस, पाऽगे, पागेऽमोस, पागेऽइस, पाऽगेन.
एर आणि ईर गणांत उलट, ‘ए’ च्या जागी ‘आ’. बिबीऽर म्हणजे जगणे, त्याचं बीऽबा म्हणजे ‘जगो, चिरायू होवो’.

कधी वापरायचं?

एकाची इच्छा, दुसऱ्याने करायचं. “क्येऽरो के मे पाऽगेस ओइ.” तू मला आज पैसे द्यावेस असं मला वाटतं. मराठीतला ‘द्यावेस’ आणि स्पॅनिश ‘पाऽगेस’ समोरासमोर उभे आहेत, ‘स’ सकट.

आशा. ‘ओखालाऽ’ हा शब्द अरबीतून आला, अल्लाची मर्जी असली तर अशा अर्थाचा. दाभोळ-हर्णैच्या मोहल्ल्यांत ‘इन्शाल्ला’ ऐकलेल्यांना तो लगेच ओळखू येईल. त्यामागे विध्यर्थच: “ओखालाऽ मे पाऽगेन.” माझे पैसे मिळोत.

अजून न घडलेली वेळ. इथे मराठी मदत करत नाही, उलट फसवते. ‘पगार झाला की जाळं घेईन’ यात आपण भूतकाळ लावतो, ‘पगार होईल तेव्हा’ म्हटलं तर भविष्य. स्पॅनिशमध्ये दोन्ही चुकीचे: “क्वान्दो मे पाऽगेन, कोंप्रारेऽ ऊना रेद.” पैसे अजून आलेले नाहीत, म्हणून विध्यर्थ. ‘क्वान्दो’ नंतर भविष्यकाळ लावणं ही मी सर्वांत जास्त वेळा दुरुस्त केलेली चूक आहे.

याचाच भूतकाळ करायची युक्ती: ‘त्यांनी दिले’ चं रूप घ्या, पागाऽरोन. शेवटचा ‘रोन’ काढा, ‘रा’ लावा. पागाऽरा, पागाऽरास, पागाऽरा, पागाऽरामोस, पागाऽराइस, पागाऽरान. ही युक्ती अनियमित क्रियापदांनाही लागू पडते. (‘रा’ ऐवजी ‘से’ लावलेली दुसरी मालिकाही आहे. वाचताना ओळखा, बोलायला ‘रा’ पुरे.)

ती मुख्यतः जर-तरमध्ये लागते: “सी त्राबाखाऽरास आकीऽ, ते पागारीऽआ ब्येन.” तू इथे काम करत असतास तर तुला चांगले पैसे दिले असते. मराठीत दोन्हीकडे ‘असते’ येतं, म्हणून आपण दोन्हीकडे ‘रीऽआ’ लावतो. नको. जरच्या बाजूला ‘रा’, तरच्या बाजूला ‘रीऽआ’.

८. आज्ञार्थ

तू दे: पाऽगा. आपण द्यावे: पाऽगे. तुम्ही सगळे द्या: पाऽगेन, स्पेनमध्ये मित्रांना पागाऽद. देऊ नकोस: नो पाऽगेस.

आदराच्या आज्ञेला वेगळं रूप नाही, विध्यर्थच वापरतात. आपणही पाहुण्याला ‘बस’ म्हणत नाही, ‘बसावं’ म्हणतो. नकारातही विध्यर्थ येतो. ‘नो पाऽगा’ म्हटलंत तर त्याचा अर्थ ‘तो पैसे देत नाही’ असा होतो, आज्ञा होत नाही.

९. आबेर आणि पागाऽदो

‘दिलेले’ म्हणजे पागाऽदो. त्याच्या आधी आबेरची रूपं लावली की सगळे संयुक्त काळ तयार: ए पागाऽदो (मी दिले आहेत), आबीऽआ पागाऽदो (दिले होते), आब्रेऽ पागाऽदो (दिले असतील), आब्रीऽआ पागाऽदो (दिले असते), विध्यर्थात आया पागाऽदो. पागाऽदो इथे कधीच बदलत नाही, स्त्रीलिंग नाही, अनेकवचन नाही. आज सकाळी दिलेल्या पैशांना माद्रिदमध्ये ‘ए पागाऽदो’ म्हणतात, लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी सरळ ‘पागेऽ’.

१०. रोमन लिपीतला सापळा

पागार कानाला पूर्ण नियमित आहे, पण लिहिताना एक अडचण येते. स्पॅनिशमध्ये जी या अक्षरापुढे ई आलं की उच्चार घशातल्या ‘ख’ सारखा होतो. तो ‘ग’ च राहावा म्हणून मध्ये यू हे अक्षर घालतात. लागतं कुठे? पागेऽ मध्ये आणि विध्यर्थाच्या सहाही रूपांत. पेस्कार (मासे पकडणे) मध्ये त्याच जागी सी चं क्यू-यू होतं. आधी देवनागरीत चालवा आणि मग रोमनमध्ये उतरवा, म्हणजे यात गोंधळ होत नाही.

११. किती दिवसांत

पहिला आठवडा जोर आणि वर्तमान. पुढचे तीन आठवडे दोन भूतकाळ. भविष्याला चार दिवस. विध्यर्थाला महिना, घाई न करता. एका क्रियापदाचं पूर्ण झालं की दुसरं आर-गणाचंच घ्या: कोब्राऽर (पैसे घेणे), रेमाऽर (वल्हवणे), नादाऽर (पोहणे). मग कोमेऽर (खाणे) आणि बिबीऽर. अनियमित क्रियापदं तोवर जशी ऐकाल तशी एकेका वाक्यात धरा, तक्ते मांडू नका.

प्रमाणपत्र हवं असेल तर ‘देले’ ही परीक्षा आहे, इन्स्तितुतो सेर्बान्तेस या स्पेनच्या सरकारी संस्थेची. त्यांचं केंद्र दिल्लीत आहे. प्रमाणपत्राला मुदत नसते. परीक्षेला फोटो असलेलं मूळ ओळखपत्र न्यावं लागतं, आणि नोंदणीतलं नाव त्याच्याशी अक्षरशः जुळायला हवं. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव असतं, दुसऱ्यावर नसतं. हे आधी तपासा.

१२. आज रात्रीचा सराव

वही मिटून ही पाच वाक्यं करा, मग खाली बघा. पागारचीच रूपं.

(क) बाबा रोख पैसे द्यायचे.
(ख) काल तू दिलेस.
(ग) आपण (आदराने, एकालाच) इथे पैसे द्यावेत.
(घ) ते देतील तेव्हा मी देईन.
(च) देऊ नकोस, मी दिले आहेत.

उत्तरं: (क) पागाऽबा. (ख) पागाऽस्ते. (ग) पाऽगे. (घ) आधी पाऽगेन, मग पागारेऽ. (च) नो पाऽगेस, आणि ए पागाऽदो किंवा पागेऽ.

(घ) मध्ये ‘पागाराऽन’ आलं असेल तर सातव्या पायरीतला जाळ्याचा परिच्छेद पुन्हा वाचा आणि तसलीच दहा वाक्यं स्वतःच्या घरातली करा: पाऊस थांबेल तेव्हा, बोट लागेल तेव्हा, आंबा उतरेल तेव्हा.